लहान लेथसाठी ईआर-३२ कॉलेट चक: ड्रॉबारचा घ्यावा की फ्लँजचा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

भांडुपच्या घरी बंद करून घेतलेल्या गॅलरीत माझा सात बाय चौदा इंची लहान लेथ आहे. त्यावर मी गेली दोन वर्षे वाफेच्या इंजिनाची एक छोटी, चालती प्रतिकृती बनवत आहे. पिस्टन रॉड चार मिलिमीटरच्या स्टेनलेसचा, व्हॉल्व्हची दांडी तीनची, बाकीचे बहुतेक भाग सहा ते सोळा मिलिमीटरच्या पितळी सळईतून निघणारे. या आकारांसाठी कॉलेट (सळई सगळीकडून सारखी आवळून धरणारी, चिरा पाडलेली नळी; ईआर हा तिचा एक प्रकार, पुढचा आकडा मापाचा) घ्यायचे हे ठरले आहे; ते लेथवर कोणत्या पद्धतीने बसवावे यावर अनुभवी लोकांचा सल्ला हवा आहे.

आधी अडचण सांगतो. थ्री-जॉ चकमध्ये (तीन जबड्यांच्या पकडीत) ग्राउंड रॉड (घासून अचूक गोल केलेली दांडी) धरून डायल (सूक्ष्म हालचाल दाखवणारे मापक) लावला की काटा बारा रेषा फिरतो, म्हणजे ०.१२ मिमी; जॉबचा (घडवायच्या तुकड्याचा) मध्य स्पिंडलच्या (लेथच्या फिरत्या पोकळ दांड्याच्या) मध्यापासून ०.०६ मिमी सरकलेला असतो. सगळे टर्निंग एकाच सेटिंगमध्ये होत असेल तर याने काही बिघडत नाही. पण पिस्टन उलटा धरून दुसरी बाजू घेतली की दोन्ही व्यासांचे मध्य जुळत नाहीत, आणि नेमका तोच भाग पुढे ग्लँडमध्ये (दांडीभोवती वाफ अडवणाऱ्या भागात) अडकतो. शिवाय पितळेवर जॉचे तीन ओरखडे उमटतात. फोर-जॉमध्ये प्रत्येक नग डायलवर जुळवता येतो, मी जुळवतोही, परंतु एकसारखे आठ बोल्ट करायचे असतील तर संध्याकाळ त्यातच जाते.

म्हणून पहिली खरेदी केली ती एमटी-३ शँकच्या (मोर्स टेपर क्र. ३ या निमुळत्या दांड्याच्या) ईआर-२५ कॉलेट चकची. तो थेट स्पिंडलच्या टेपरमध्ये बसतो आणि मागून एम-१२ ड्रॉबारने (स्पिंडलमधून जाणाऱ्या, १२ मिमी आट्यांच्या लांब बोल्टने) ओढून धरावा लागतो. ड्रॉबार न लावता मी एकदा हलका कट घेऊन पाहिला, तर थरथरीने टेपर सुटला; तो प्रयोग पुन्हा केला नाही. धरण्याची अचूकता उत्तम आहे, सहाच्या कॉलेटमध्ये डायल जेमतेम दोन रेषा दाखवतो. मात्र स्पिंडलचे बोअर ड्रॉबारने अडते. लांब सळई मागून आत सरकवत एकामागून एक नग कापण्याची सोयच राहत नाही. प्रत्येक वेळी छोटा तुकडा कापून घ्यावा लागतो आणि तेवढे पितळ वाया जाते. पोकळ ड्रॉबार करून पाहिला, पण एम-१२ च्या आट्यांतून सहा मिलिमीटरपेक्षा मोठे भोक पाडायला मन धजत नाही.

दुसरा पर्याय फ्लँजवर (स्पिंडलच्या तोंडावरच्या चकतीवर) बोल्टने बसणाऱ्या ईआर-३२ चकचा. माझा सध्याचा चक ८० मिमीचा आहे: रजिस्टर (चक मध्यावर बसवणारी गोल खाच) ५५ मिमी, बोल्ट ६६ मिमीच्या वर्तुळावर तीन. याच मापाचा ईआर-३२ चक मिळतो. ईआर-३२ मध्ये २० मिमीपर्यंत जॉब धरता येतो आणि माझ्या स्पिंडलचे बोअरही २० मिमीच आहे, त्यामुळे ईआर-४० चा विचार सोडून दिला. फाइव्ह-सी या दुसऱ्या प्रकारच्या कॉलेटमध्ये षटकोनी आणि चौकोनी सळईही धरता येते हे खरे, पण त्याचे अंगच सव्वा इंचाचे असल्याने ते माझ्या स्पिंडलमध्ये जाणार नाही. पुढे वेगळा जड चक लावावा लागेल आणि जॉब बेअरिंगपासून आणखी दूर जाईल.

माझी मुख्य शंका फ्लँजच्या चकबद्दलच आहे. टेपरमध्ये बसणारा चक आपोआप मध्यावर येतो. फ्लँजचा चक रजिस्टर जेवढे नेमके असेल तेवढाच नेमका बसतो. रजिस्टर मुद्दाम ०.१ ते ०.२ मिमी सैल ठेवायचे, बोल्ट अर्धवट आवळायचे, चकच्या आतल्या टेपरवर डायल लावून प्लास्टिकच्या हातोडीने हलकेच ठोकत काटा स्थिर करायचा आणि मग बोल्ट पूर्ण आवळायचे, अशी एक पद्धत मला माहीत आहे. पण त्यानंतर चक केवळ बोल्टच्या दाबावर जागच्या जागी राहतो. षटकोनी पितळ गोल करताना तुटक कट बसतात, तेव्हा तो सरकतो का?

कॉलेटच्या संचाविषयीही विचारायचे आहे. ईआर-३२ चे कॉलेट साधारण एक मिलिमीटर आवळते, म्हणजे दहाचे कॉलेट नऊपर्यंत धरते. ३ ते २० मिमीचा अठरा नगांचा संच घेतला तर मधला कोणताही व्यास सुटत नाही. नागदेवी स्ट्रीटवर (मुंबईतल्या अवजारांच्या बाजारात) सुटी कॉलेटही मिळतात. मला रोज लागणारी मापे सात-आठच आहेत. स्वस्त पूर्ण संच घेण्यापेक्षा तेवढीच चांगल्या प्रतीची घ्यावीत, असे माझे मत होत चालले आहे. ईआरची मापे डीआयएन ६४९९ या जर्मन मानकाप्रमाणे ठरलेली असल्याने पुढे दुसऱ्या कंपनीची कॉलेट त्यात मिसळली तरी चालावीत. शिवाय पावसाळ्यात आमच्या गॅलरीत न वापरलेल्या पोलादावर आठवड्यात तांबूस डाग येतात, तेव्हा दहा कॉलेट नुसती तेल लावून जपत बसणे मला पटत नाही.

नवीन सभासदांसाठी एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण ती शिकताना माझे एक कॉलेट गेले. कॉलेट आधी नटमधल्या कडीत तिरके घालून टक् असे बसवावे आणि मगच नट चकवर चढवावा. नट सोडताना तीच कडी कॉलेटला बाहेर ओढते. जॉब आखूड असेल तर कॉलेटच्या मागच्या तोंडात त्याच व्यासाचा तुकडा घालावा, नाहीतर कॉलेट फक्त पुढे आवळते आणि जॉब डुलतो.

नट आवळण्याचाही प्रश्न आहे. माझ्या लेथला स्पिंडल लॉक नाही आणि आतली गिअर प्लास्टिकची आहेत, त्यामुळे गिअर अडकवून स्पॅनरवर जोर देता येत नाही. चकच्या अंगावर दांडी घालण्यासाठी भोक असलेला फ्लँजचा चक कोणी वापरला आहे का? बेअरिंगचा नट (आत बेअरिंग बसवलेला, कमी घर्षणाचा) घेतल्यास कमी जोरात पुरेशी पकड मिळते का?

येत्या शनिवारी मी नागदेवीला जाणार आहे. रजिस्टर सैल करून ईआर-३२ चक बसवलेल्या कोणाकडे वर्षभर काम झाले असेल, तर आज त्यांच्या डायलवर किती रेषा दिसतात एवढे तरी कृपया कळवावे.