वेताळ नक्की सभ्य होता का?

घोडबंदरकर: काल नौपाड्यात रद्दीवाल्याकडे वेताळचं (म्हणजे फँटम, तो मुखवटेवाला जंगलचा हिरो) जुनं इंद्रजाल कॉमिक मिळालं, मराठीतलं, म्हणून लेकीला वाचून दाखवत बसलो. साहेब हॅट-गॉगल लावून बारमध्ये जातात आणि दूध मागतात, कोणी हसलं तर आधी शांतपणे ऐकून घेतात आणि मग एकदम जबड्यावर ठोसा, वर अंगठीने कवटीचा छाप! ती म्हणे, बाबा हा चांगला ना, मग मारतो कशाला? काय सांगू?

वाशीवाली: हसल्याबद्दल नाही हो, समोरचा अंगावर आला की मग मारतो. गुंडांशी तो गुंडासारखाच वागतो अशी जंगलातली म्हणच आहे. 1936 चा हिरो, पण शिवी नाही की आरडाओरडा नाही, मला तेच आवडायचं.

कळवा_फास्ट: ठोसा ठीक आहे, पण छाप जात नाही ना राव, कायमची कवटी म्हणजे जरा अतीच. सकाळच्या लोकलला दारात उभा केला असता तर अर्धं ठाणं कवटीवालं झालं असतं 😂

घोडबंदरकर: हाहा. दुसरी रक्षणाची अंगठी असते ना, ती हवीय आता तिला. दूध मात्र अजूनही पीत नाही.