वुल्व्हर्टन, कुंड्या आणि आपली दमट घरं

'नासाने सिद्ध केलंय, घरात स्नेक प्लांट ठेवा, हवा शुद्ध होते' असा दावा नेहमी ऐकू येतो, त्यात थोडी भर. ते काम नासाचे शास्त्रज्ञ बिल वुल्व्हर्टन यांचं, अहवाल १९८९ चा. माणूस मूळचा सांडपाण्यातला. १९७० च्या दशकात मिसिसिपीतल्या नासाच्या केंद्रात ते जलपर्णीने सांडपाणी स्वच्छ करत होते. हो, आपल्याकडे तळी गिळणारी तीच जलपर्णी!

हवेचा प्रयोग असा: बंद पारदर्शक पेटीत कुंडी ठेवायची, बेंझिन किंवा फॉर्माल्डिहाइडसारखं हवा दूषित करणारं रसायन सोडायचं, चोवीस तासांनी किती उरलं ते मोजायचं. त्यात मुळांपाशी, मातीतल्या सूक्ष्मजीवांकडून बरंच काम होतं असं दिसलं. म्हणून त्यांनी पंख्याने हवा मुळांशी, सक्रिय (वायू शोषणाऱ्या) कोळशातून खेचणारी कुंडीही तपासली. व्हॉट्सअ‍ॅपवर पोचली ती फक्त झाडांची यादी.

आता पेटी कुठे नि घर कुठे. २०१९ मध्ये कमिंग्ज आणि वॉरिंग या संशोधकांनी जुने प्रयोग पडताळून हिशेब मांडला: हवेच्या नेहमीच्या येण्याजाण्याची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. मग माणसांनी निजायचं कुठे, पडवीत?

गुहागर-मालवणच्या कौलारू घरात वारा तसाही फटींतून फिरतो. प्रश्न रत्नागिरी-चिपळूणच्या नव्या फ्लॅटांचा, फॉर्माल्डिहाइड सोडणाऱ्या ताज्या प्लायवुडचा. तिथे समोरासमोरच्या खिडक्या उघडा. आणि पावसाळ्यात, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते तेव्हा, ओल्या मातीच्या कुंड्या निजायच्या खोलीतून बाहेर काढलेल्याच बऱ्या.