मित्रांना 'कागुया' दाखवायचाय, गोष्ट आधी सांगू का नको?

पोफळी
येत्या शनिवारी आम्ही पाच जण माझ्याकडे जमतोय आणि मी दिग्दर्शक ताकाहाताचा 'द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया' लावायचं ठरवलंय, 2013 चा, जपानच्या जिब्ली स्टुडिओचा ॲनिमेशनपट. तिघांच्या डोक्यात ॲनिमेशन म्हणजे लहान पोरांचं असंच बसलंय, एकीने जिब्लीच्याच मियाझाकीचे दोनतीन बघितलेत. मला हा पिक्चर इतका जवळचा आहे की मध्येच कोणी मोबाईल काढला तर खरंच वाईट वाटेल. 137 मिनिटांचा आहे, आणि सुरुवातीला बराच वेळ बाळ बेडकामागे रांगतंय, पोरं खरबूज चोरून खातायत, एवढंच चालू असतं (मला तोच भाग सगळ्यात आवडतो).

प्रश्न असा की बांबू तोडणाऱ्या म्हाताऱ्याची ही गोष्ट जपानमध्ये लहानपणीच सगळ्यांच्या कानावर पडते, म्हणजे बांबूत सापडलेली मुलगी शेवटी चंद्रावर परत जाणार हे तिथल्या माणसाला तिकीट काढतानाच माहीत असतं. आपल्याकडे नसतं. सांगितलं तर मजा जाईल, नाही सांगितलं तर चंद्र एकदम कुठून आला असं होईल. काय करू?

रानजाई
सांगा, बिनधास्त सांगा. कीर्तनाला बसलेल्यांना सीतेचं पुढे काय होणार ते माहीत नसतं का, तरी पदर डोळ्याला जातोच ना. ही 'ताकेतोरी मोनोगातारी' हेइआन काळातली, हजारेक वर्षं जुनी, जपानी गद्यातली सगळ्यात जुनी कथा मानतात तिला, त्यामुळे ताकाहाताला 'पुढे काय' यात रस नाहीच, त्याला 'का' यात आहे. मूळ कथेत चंद्रावरचा माणूस एवढंच म्हणतो की हिच्या हातून पाप घडलं म्हणून हिला खाली पाठवलं होतं, कोणतं पाप ते सांगतच नाही. जपानी पोस्टरवरसुद्धा राजकन्येचं पाप आणि शिक्षा असंच लिहिलेलं होतं. पिक्चर त्याचं उत्तर देतो, तेवढं मात्र सांगू नका.

पाच मागणी घालणाऱ्यांचं सांगितलंत तरी चालेल. ती प्रत्येकाला मिळणारच नाही अशी वस्तू आणायला सांगते, बुद्धाचं भिक्षापात्र, होराई बेटावरची रत्नांची फांदी, आगीत न जळणारं कातडं, ड्रॅगनच्या गळ्यातलं रत्न, पाकोळीच्या घरट्यातली कवडी. नकली फांदी आणणारा पकडला कसा जातो, तर कारागिरांनी पैसे थकले म्हणून दारातच हिशोब मागितला!! हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीत हे आहे, मला फार भारी वाटतं ते.

आणि तिला न्यायला येतात ती आठव्या महिन्याची पौर्णिमा, साधारण आपल्या कोजागिरीच्या महिनाभर आधीची. जमलं तर शनिवार सोडून पौर्णिमा धरा, गच्चीत दूध आटवा.

धुकं_आणि_दगड
मी नाही सांगणार. मी माझ्या बहिणीला आणि तिच्या रूममेट्सना दाखवला तेव्हा सगळी गोष्ट आधी सांगून बसले आणि मग त्या दोन तास नुसत्या चंद्राची वाट बघत बसल्या, गाव, रान, तिचा लहानपणचा सवंगडी सुतेमारू, लाकडी वाट्या करणारी ती माणसं, जी डोंगरावरचं रान परत वाढू द्यायचं म्हणून दहा वर्षं निघून जातात, हे सगळं त्यांच्या डोळ्यांवरून घरंगळून गेलं.

त्यापेक्षा चित्र कसं बघायचं ते सांगा. कागद मुद्दाम कोरा सोडलाय, रेघ पेन्सिलीची वाटते, रंग पाण्यात पसरल्यासारखे. आणि तिच्या नामकरणाच्या मेजवानीत दारू प्यायलेले पाहुणे तिच्याबद्दल काय बोलतात ते पडद्याआडून ऐकून ती पळत सुटते, तिथे रेघच फाटते, कोळशाने ओरबाडल्यासारखी होते, अंगावरचे कपडे एकेक मागे पडत जातात. त्या सीनबद्दल एक अक्षर आधी बोलू नका, प्लीज.

अजून एक, आवाज जपानीच ठेवा. यात आवाज आधी रेकॉर्ड केले आणि चित्रं त्यावर काढली, म्हाताऱ्याला आवाज देणारे ताकेओ चिइ 2012 मध्ये गेले, पिक्चर त्यांच्यानंतर वर्षाने आला. ती थरथर दुसऱ्या भाषेत येत नाही.

निळी_वाट
दोघींचंही पटतंय. मी फक्त चंद्रावरून तिला न्यायला येणाऱ्या शेवटच्या वरातीबद्दल लिहिते कारण तिथे लोक हमखास बुचकळ्यात पडतात, एवढं रडायला येतंय आणि संगीत असं नाचरं का. जपानी बौद्ध चित्रांत 'राइगो' म्हणून प्रकार आहे, मरणाऱ्या माणसाला न्यायला अमिदा बुद्ध ढगावरून उतरतो, सोबत वाद्यं वाजवणारे बोधिसत्त्व. पिक्चरमधली वरात अगदी तशी आहे. जिथून ते आले तिथे दुःखच नाही, म्हणून त्यांना आपलं रडणं कळतच नाही, आणि जो संगीतकार हिसाइशीचा ठेका आपल्याला टोचतो तो त्यांच्यासाठी नेहमीचाच. हे पिक्चर संपल्यावर सांगा, आधी नको.

चहाच्या वेळी मूळ कथेचा शेवट पण सांगता येईल, तो पिक्चरमध्ये घेतलेला नाही. ती सम्राटासाठी अमरत्वाचं औषध ठेवून जाते आणि तो म्हणतो, ती नाही तर अमर होऊन करू काय, मग आकाशाच्या सगळ्यात जवळच्या डोंगरावर ते जाळायला लावतो. अमर म्हणजे 'फुशी', त्यावरून फुजी डोंगराचं नाव पडलं अशी ती गोष्ट.

पोफळी
झालं काल. शेवटी मधला रस्ता काढला, ती बांबूत सापडते आणि चंद्रावरची आहे एवढंच सांगितलं, पाच वस्तूंचं पण नाही. ती पळते तिथे सगळे गप्प झाले, मी पडद्याकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होते.

आश्चर्य म्हणजे ज्याला हे लहान पोरांचं वाटत होतं तो म्हाताऱ्यावरच अडकून बसला. म्हणाला, बाप तिचं भलंच करतोय, सोनं मिळालं तर तिच्यासाठीच वाडा बांधतो, आणि त्यानेच तिचं सगळं सुटत जातं, मला त्याचा राग येतोय का कीव तेच कळेना. यावर दीड वाजेपर्यंत बोलणं चाललं. एकजण म्हणाली आई सगळं समजते, मागच्या छोट्या बागेत तिला मातीत हात घालू देते, पण नवऱ्याला तोंडावर थांबवत नाही, मग तीही जबाबदार नाही का? राइगोचं सांगितल्यावर वरातीचा सीन परत लावला, आणि तिथून मागे जाऊन ते पाणचक्कीचं गाणं, त्याचं दुसरं कडवं, सबटायटल थांबवून थांबवून दोनदा ऐकलं.