मदत हवी आहे: डॉसचा जुना अडत प्रोग्राम नवीन लॅपटॉपवर चालत नाही, अर्जंट

अमळनेर_भुसार: दुकानातला जुना कॉम्प्युटर बसला, नवीन लॅपटॉप आणला, फोल्डर पेनड्राइव्हने टाकलं पण डबल क्लिक केलं की येतं हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही. कंपॅटिबिलिटी मोड करून झाला, ॲडमिनिस्ट्रेटर करून झालं. ३ दिवस झाले हिशोबपट्ट्या हाताने लिहितोय, यार्डात दादर ज्वारीची आवक चालू आहे. लवकर सांगा.

भुसावळ_जंक्शन: विंडोज कोणती? प्रोग्राम कशातला?

अमळनेर_भुसार: ११. प्रोग्राम निळ्या स्क्रीनचा, १९९६ पासून वापरतोय.

भुसावळ_जंक्शन: मग असा कधीच चालणार नाही. ६४ बिट विंडोज डॉसचे १६ बिट प्रोग्राम चालवतच नाही आणि ११ तर फक्त ६४ बिटच आहे. डॉसबॉक्स टाका, तो एम्युलेटर आहे, म्हणजे आतल्या आत जुन्या प्रोसेसरसकट अख्खा डॉसचा कॉम्प्युटर उभा करतो.

धुळे_उबुंटू: विंडोज काढूनच टाका ना. लिनक्स टाका, त्यात वाईन आहे, माझं सगळं जुनं त्याच्यावरच चालतं.

भुसावळ_जंक्शन: वाईन विंडोजच्या प्रोग्रामसाठी आहे आणि ते एम्युलेटर नाही हे त्याच्या नावातच आहे (वाईन इज नॉट ॲन एम्युलेटर). डॉससाठी लिनक्सवर पण शेवटी डॉसबॉक्सच. माणसाचा धंदा खोळंबलाय, त्याला आज नवीन सिस्टिम शिकायला लावू नका.

धुळे_उबुंटू: व्हायरसने डाटा गेल्यावर मग सांगा.

हिशोब_चाळीसगाव: टॅली घ्या. जीएसटीला ते बरं पडेल.

अमळनेर_भुसार: टॅलीचं विचारलंच नाही हो. २५-३० वर्षांची खाती आहेत आत. डॉसबॉक्स टाकलं तर फाइल सापडत नाही म्हणतंय.

भुसावळ_जंक्शन: जुन्या मशीनवर फोल्डर कुठल्या ड्राइव्हला होतं? डी असेल तर डॉसबॉक्समध्ये ते फोल्डर डी म्हणून जोडा (माउंट डी), सी नको. अशा प्रोग्राममध्ये फाइलचा रस्ता आतच लिहिलेला असतो. आणि मूळ पेनड्राइव्हला हात लावू नका, कॉपीवर करा.

अमळनेर_भुसार: चालू झालं!! आकडे सगळे बरोबर. पण नावं गेली, शेतकऱ्यांच्या नावाच्या जागी नुसत्या रेघा आणि चौकोनाचे कोपरे. डाटा खराब झाला का?

साक्रीना_भाऊ: मन्हा प्रिंटर बी असाच बंद पडेल व्हता. तुम्हना कोणता शे?

भुसावळ_जंक्शन: थांबा, नावं मराठीत होती?

अमळनेर_भुसार: मराठीतच असणार ना, शेतकऱ्याला पट्टी वाचता यायला नको का?

हार्डवेअर_जळगाव: हे पहिल्याच पोस्टमध्ये पाहिजे होतं. डाटा शाबूत आहे, घाबरू नका. डॉसला देवनागरी येत नव्हती, त्यासाठी सी-डॅकचं जिस्ट कार्ड मशीनमध्ये बसवायचे, अक्षरं ते कार्ड काढायचं. मी अशी कार्डं स्वतः बसवलीत. फाइलमध्ये नुसते इस्कीचे, म्हणजे भारतीय लिप्यांच्या जुन्या कोडचे नंबर असतात. इस्कीत १७९ म्हणजे क, साध्या डॉसमध्ये १७९ म्हणजे उभी रेघ. एम्युलेटर प्रोसेसरची नक्कल करतो, पण तुमचं कार्ड त्याच्यात नाही. मालाच्या यादीत कापूस कसा दिसतो ते बघा, आधी उभी रेघ आणि मग डावीकडचा वरचा कोपरा पाहिजे, कारण काना २१८ आहे.

अमळनेर_भुसार: अगदी तसंच! रेघ, मग कोपरा. दोनदा बघितलं.

हार्डवेअर_जळगाव: मग झालं निदान. खात्यांची फाइल डीबीएफ असेल तर लिब्रे ऑफिसमध्ये उघडते, पण नावं इस्कीतून आजच्या युनिकोड कोडला आणायला कन्व्हर्टर लागेल, ते सावकाश करू. जुनं मशीन भंगारात दिलं नाही ना?

धुळे_उबुंटू: कन्व्हर्टर पायथनमध्ये मी लिहून देतो. एका नंबरला एक अक्षर, टेबल छोटंसं आहे. नुक्त्याची (अक्षराखालच्या टिंबाची) तेवढी भानगड आहे. ५० नावांची कॉपी पाठवा, पैशाचे कॉलम काढून.

अमळनेर_भुसार: पाठवतो. मशीन गोडाऊनमध्ये आहे, आत्ताच खोललं. बारदानाची धूळ बोटभर होती, पुसल्यावर खाली एक लांब जादा कार्ड निघालं. बटण दाबलं तर पंखासुद्धा फिरत नाही.

हार्डवेअर_जळगाव: पंखा फिरत नाही म्हणजे बहुतेक पॉवर सप्लायच गेलाय. बोर्डाला जाणाऱ्या वायरींचे दोन वेगळे प्लग आहेत का एकच मोठा?

अमळनेर_भुसार: दोन.

हार्डवेअर_जळगाव: एटी, म्हणजे जुन्या पद्धतीचा सप्लाय आहे. दोन्ही प्लगच्या काळ्या वायरी मधोमध शेजारी आल्या पाहिजेत, उलट लावलं तर बोर्ड जळेल. फोटो टाका, त्याशिवाय लावू नका.

अमळनेर_भुसार: उद्या सकाळी जळगावला गोलाणी मार्केटला येतोय. जुना एटी सप्लाय कुणाकडे मिळेल?