मदत हवी आहे : थकलेल्या बिलासाठी कोर्टात दावा लावायची तीन वर्षांची मुदत संपत आलीय

मंडळी, हिंगणा एमआयडीसीत माझं खोक्यांचं छोटं युनिट आहे. एका जुन्या गिऱ्हाइकाकडे ४ लाख ६० हजार अडकलेत. बिलावरची ३० दिवसांची उधारी संपून या दिवाळीला तीन वर्षं होतील. वकिलाची नोटीस दिली, पण नोटिशीनं मुदत थांबत नाही, हे आत्ता कळतंय!

मध्ये त्यानं २० हजार बँकेतून टाकले होते. १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १९ नं तिथून नवी मुदत धरतात, पण त्याच्या सहीचा कागद लागतो म्हणे. माझ्याकडे फक्त व्हॉट्सॲपवरचं ‘देतो ना भाऊ’. ते चालेल का? ३ लाखांवरच्या व्यापारी दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची. त्यात गेलेले दिवस मुदतीतून वजा होतात ना? उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) जुनी आहे. मग कोर्टाऐवजी थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या सरकारी परिषदेकडे जाऊ? नागपुरात कुणी गेलंय का?