गेममधल्या खरेदीवर स्टोअरचं कमिशन नेमकं किती? स्वतःचा यूपीआय गेटवे लावून काही वाचतं का?

अंधेरी_लोकल विचारतात:

अंधेरीत दोघांचा स्टुडिओ आहे. मराठी शब्दकोड्यांचा गेम आधी गुगलच्या प्ले स्टोअरवर आणि नंतर आयफोनवर आणायचा आहे. गेम फुकट, आत हिंटचे पॅक ₹२९, ₹९९ आणि ₹२९९ ला. जीएसटी नोंदणी झालेली आहे. तीन शंका आहेत.

₹९९ मधले हातात किती पडतात? कुणी १५ टक्के सांगतं, कुणी ३०.

भारतात प्लेवर स्वतःचा गेटवे (ग्राहकाकडून पैसे घेणारी बाहेरची पेमेंट सेवा) लावता येतो म्हणतात. त्याचा खरंच फायदा होतो का?

आणि एपिक या गेम कंपनीने ॲपलविरुद्ध खटला जिंकला असेल, तर आपल्या वेबसाइटच्या खरेदीची लिंक आता गेममध्ये देता येईल का?

---

हिशेबनीस:

१५ आणि ३० दोन्ही बरोबर आहेत. तुम्हाला १५ लागू होईल, पण तो आपोआप मिळत नाही. इथेच बहुतेकांचे पैसे जातात.

प्लेवर दरवर्षीच्या पहिल्या १० लाख डॉलरवर १५ टक्के आणि त्यापुढच्या रकमेवर ३० टक्के, हा नियम जुलै २०२१ पासून आहे. त्यासाठी प्ले कन्सोलच्या (डेव्हलपर आपली ॲप जिथून सांभाळतो त्या साइटच्या) सेटिंग्जमध्ये जाऊन अकाउंट ग्रुप तयार करायचा, तुमच्या मालकीची बाकीची डेव्हलपर अकाउंट असतील तर ती जोडायची आणि १५ टक्क्यांच्या अटी मान्य करायच्या. एकच अकाउंट असलं तरी हे करावंच लागतं. तोवर ३० टक्केच कापले जातात, म्हणून लॉन्चच्या आधीच उरका.

ॲपलकडे हाच १५ टक्के दर देणारा स्मॉल बिझनेस प्रोग्रॅम जानेवारी २०२१ पासून आहे. त्याचा अर्ज वेगळा. मंजुरी मिळाली की तो हिशेबी महिना संपल्यावर १५ दिवसांनी कमी दर सुरू होतो. निम्म्याहून जास्त हिस्सा असलेली बाकीची अकाउंट सांगावी लागतात. भागीदाराचं जुनं अकाउंट लपवू नका. आणि एक फरक लक्षात ठेवा. गुगल मर्यादेच्या वरच्या रकमेवरच ३० टक्के घेतं. ॲपलकडे वर्षात मर्यादा ओलांडली की उरलेल्या वर्षाच्या सगळ्या विक्रीवर ३० लागतात.

आता ₹९९. जीएसटी आत धरून किंमत असेल तर ९९ ÷ १.१८ = ८३.९०. कमिशन करवगळता रकमेवर धरलं तर:

१५ टक्क्यांनी कमिशन १२.५८, हातात ७१.३२
३० टक्क्यांनी कमिशन २५.१७, हातात ५८.७३

म्हणजे एक फॉर्म भरायचा राहिला तर पॅकमागे साडेबारा रुपये जातात. पहिल्या महिन्याचा अर्निंग्ज रिपोर्ट आला की एकूण आकडा बघून थांबू नका. त्याची सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी फाइल) उघडा, प्रत्येक ऑर्डरच्या ‘चार्ज’च्या ओळीसमोर ‘गुगल फी’ची ओळ लावा आणि भागाकार करून दर ताडून बघा. टॅक्सच्या ओळी सीएला दाखवा, त्या आपल्या अंदाजाने सोडवू नका.

---

दादर_पूर्व:

गेटवेबद्दल. हो, भारतात गेमनाही परवानगी आहे. प्लेच्या बिलिंगशेजारी तुमचा पर्याय दाखवायचा, निवड ग्राहकाची. पण ग्राहकाने तुमचा पर्याय निवडला तरी गुगलची फी फक्त ४ टक्क्यांनी उतरते, म्हणजे १५ ची ११ होते.

वरचाच पॅक घ्या. ११ टक्के म्हणजे ९.२३. गेटवेवाला २ टक्के घेतो असं धरू: ₹९९ वर १.९८, त्यावर जीएसटी, एकूण २.३४. हातात ७२.३३. फायदा १ रुपया १ पैसा, गेटवेवरच्या जीएसटीचं क्रेडिट घेतलंत तर १.३७. त्या बदल्यात निवडीचा स्क्रीन बांधा, प्रत्येक व्यवहार २४ तासांत एपीआयने (सर्व्हरवरून प्रोग्रॅममार्फत) गुगलला कळवा, रिफंड आणि अडकलेल्या यूपीआय पेमेंटच्या तक्रारी स्वतः निस्तरा. पैसे कापले गेले पण हिंट आल्या नाहीत अशी एक तक्रार सोडवायला अर्धा तास गेला, की कित्येक पॅकचा नफा त्यातच संपतो. दोन माणसांच्या स्टुडिओने यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

माझा खरा आक्षेप या ४ टक्क्यांवर आहे. पेमेंटचं सगळं काम डेव्हलपरने करायचं आणि तरी ११ टक्के द्यायचे, याला पर्याय म्हणता येत नाही. गुगल आणि डेव्हलपरांचं भांडण मुळात याच मुद्द्यावर चाललंय. स्पर्धा आयोगाने प्लेच्या बिलिंग धोरणासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो २१६.६९ कोटींवर आणला आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. दंडातला पैसा डेव्हलपरला मिळत नाही, तो सरकारजमा होतो. आणि भांडण मिटेपर्यंत फी थकवून बघू, असा विचार करू नका. १ मार्च २०२४ ला फीच्याच वादातून काही भारतीय ॲप प्लेवरून काढली गेली. त्यात आपल्या मुंबईचं शादी डॉट कॉमही होतं. सरकार मध्ये पडलं म्हणून ती काही दिवसांत परत आली. छोट्या गेमसाठी कोण मध्ये पडणार?

---

कोडकारकून:

तिसरा प्रश्न माझा. एपिकचा निकाल बऱ्याच जणांनी अर्धाच वाचलाय. सप्टेंबर २०२१ मध्ये दहापैकी नऊ मुद्द्यांवर ॲपलच जिंकलं. एपिकला मिळालं ते एवढंच, की बाहेरच्या खरेदीकडे बोट दाखवायला ॲपलने मनाई करू नये. त्यावर ॲपलने बाहेरच्या खरेदीवरही २७ टक्के लावले, आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने त्याला अवमान ठरवलं. हे सगळं अमेरिकेच्या स्टोअरफ्रंटपुरतं, म्हणजे तिथल्या ग्राहकांच्या ॲप स्टोअरपुरतं आहे. भारतातल्या ग्राहकाला दिसेल अशी लिंक टाकलीत तर ॲपलच्या रिव्ह्यूमध्ये बिल्ड (तपासणीला पाठवलेली गेमची आवृत्ती) परत येईल.

मात्र वेबसाइटवर विकायला मनाई नाही, आणि खरी बचत तिथेच आहे. ₹९९ मधून जीएसटी आणि गेटवेचे २.३४ गेले की ८१.५६ उरतात, म्हणजे स्टोअरपेक्षा सव्वादहा रुपये जास्त. पथ्यं अशी:

गेममध्ये लॉगिन किंवा प्लेअर आयडी हवा, हिंटची शिल्लक सर्व्हरवर हवी. ती फोनमध्येच ठेवली असेल तर वेबवरची खरेदी पोचणार नाही.

ॲपलसाठी वेबवर विकता तो पॅक गेममध्येही विकत मिळायला हवा. वेबपुरता खास पॅक काढू नका.

प्रचार गेमच्या बाहेर करा: ईमेल, व्हॉट्सॲप चॅनेल. ॲपलचे नियम याला मोकळीक देतात. पण बटण, पॉपअप, सेटिंग्जमधल्या ‘आमच्याबद्दल’ पानावरचा खरेदीचा पत्ता, यातलं काहीही भारतातल्या बिल्डमध्ये नको.

---

अंधेरी_लोकल:

गेटवे रद्द. आधी १५ टक्क्यांचे दोन्ही अर्ज, मग वेबशॉप. शिल्लक सध्या फोनमध्येच आहे, ती सर्व्हरवर हलवताना प्लेच्या बाजूने काय सांभाळायचं?

---

कोडकारकून:

दोन गोष्टी. खरेदी झाल्यावर तीन दिवसांत ती ॲक्नॉलेज (खरेदी मिळाल्याची पोच) किंवा कन्झ्यूम (वापरून संपल्याची नोंद) केली नाही तर गुगल आपोआप रिफंड देतं. हिंट पुन्हा घेता येतात, म्हणून कन्झ्यूम. पण आधी टोकन (त्या खरेदीचा गुगलने दिलेला कोड) सर्व्हरवर तपासा, हिंट जमा करा आणि मगच कन्झ्यूम करा. उलट केलंत आणि मध्येच नेट गेलं, तर पैसे घेतले पण हिंट दिल्या नाहीत असं होतं. एकच टोकन दोनदा जमा होऊ नये म्हणून डेटाबेसच्या टेबलमध्ये त्यावर युनिक की (तीच नोंद दुसऱ्यांदा न घेणारी अट) टाका.

दुसरं, रोज एकदा व्हॉइडेड पर्चेसेस एपीआय चालवा. रिफंड घेतलेल्या ऑर्डर त्यात दिसतात, तेवढ्या हिंट शिल्लकेतून वजा करा. हा एपीआय मागचे ३० दिवसच दाखवतो, म्हणून हे काम महिन्यावर ढकलू नका.