छोट्या सवयींनी माणूस खरंच बदलतो का?

पायवाट:
माझं मत स्पष्ट आहे, मोठे संकल्प सोडा. व्यायाम सुरू करायचा असेल तर पहिल्याच दिवशी तासभर घाम गाळू नका, रोज पाच मिनिटं चाला. वाचन वाढवायचं असेल तर रोज दोन पानं पुरेत. मात्र ते ठरलेल्या कामाला जोडून घ्या. 'वेळ मिळाला की' असं नाही, 'दात घासून झाले की' असं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना अशीच एकेक नवी गोष्ट १२ आठवडे करायला लावली. ती अंगवळणी पडायला लागणारा काळ कुणाचा १८ दिवस, कुणाचा २५४ (१२ आठवड्यांपुढचा हा काळ आलेखावरून काढलेला अंदाज), आणि मध्यक, म्हणजे निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त लागले तो आकडा, ६६ निघाला. एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. एक खाडा पडला की 'आपल्याच्याने होणार नाही' म्हणत सगळं सोडणाऱ्यांसाठी मला हे फार मोलाचं वाटतं.

रोखठोक:
सवय हळूहळू मुरत जाऊन स्थिरावते असा जो आलेख त्यांनी मांडला, त्यात त्या ९६ पैकी नीट बसले ते ३९ जण. ६६ हा आकडा त्यांचा. बाकीच्यांचं काय?
आणि पाच मिनिटांनी होतं काय? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तुमची होतात ३५. 'मी रोज करतो' या समाधानात लोक तिथेच वर्षानुवर्षं अडकतात.
व्यसनाचं तर उलटंच आहे. ब्रिटनमध्ये सुमारे ७०० धूम्रपान करणाऱ्यांवरचा एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. चार आठवड्यांनी, एका झटक्यात सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के सिगारेटपासून दूर होते. हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी ३९ टक्के. थोडं थोडं करण्याचा सल्ला इथे नुकसान करतो.

मधलीवाट:
'रोज एक टक्का सुधारा, वर्षात ३७ पट व्हाल' हे गणित आधी बंद करा. गुणाकार बरोबर आहे, पण माणूस म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. आजारपण येतं, कामाचा रेटा येतो, मन लागत नाही. लॅलींच्या अभ्यासात व्यायामाची सवय लागायला खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा साधारण दीडपट वेळ लागला. सगळ्यांना एकच मुदत सांगणं अन्यायाचं आहे.

पायवाट:
रोखठोक, सिगारेटबद्दल मान्य. ती एका दिवशी बंदच करावी. पण त्याच प्रयोगात सहा महिन्यांनी काय उरलं? झटक्यात सोडणाऱ्यांतले २२ टक्के, हळूहळूवाल्यांतले साडेपंधरा. तेही निकोटिनचे पॅच आणि समुपदेशन असताना. सोडण्याचा निर्णय एका दिवसाचा असतो, पण ताण आला की हात कुठे जाणार हे रोज नव्याने शिकावं लागतं. तिथे मला छोट्या सवयीशिवाय दुसरा मार्ग दिसत नाही.

रोखठोक:
हे पटलं. पण १५० मिनिटांचं उत्तर अजून आलेलं नाही. पाचाची दहा कधी करायची, हे पहिल्याच दिवशी तारीख घालून ठरवा. नाहीतर पाचाची पाचच राहतात.

पायवाट:
तारीख नको. न आठवता पाय आपोआप बाहेर पडू लागले की वाढवा. त्याआधी वाढवलं, तर सुटतं.

रोखठोक:
आणि पाय आपोआप पडलेच नाहीत तर?